बेंबीजवळची फट आणि बाळंतिणीचा व्यायाम

बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकतात, त्याविषयी आलेल्या पत्रांतून हे सात प्रश्न निवडले आहेत. उत्तरे स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टनी दिली आहेत.

प्रश्न : पहिले बाळंतपण होऊन पाच महिने झाले. वजन जवळजवळ पूर्वीइतके आले, पण पोट अजून दिवस गेल्यासारखे दिसते. अंथरुणातून उठताना बेंबीच्या वर मधोमध लाटण्यासारखा उंचवटा येतो आणि आडवी झाले की नाहीसा होतो. सासूबाई म्हणतात, पोट बांधले नाहीस म्हणून वारा शिरला. आई म्हणते, डिंकाच्या लाडवांची चरबी आहे. खरे काय?
– वाचक, बार्शी

उत्तर : वारा नाही. थोडी चरबी असेलही, पण उठताना वर येणारा आणि झोपल्यावर मावळणारा उंचवटा चरबीचा नसतो. पोटाच्या पुढच्या बाजूला बरगड्यांपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्यांना मधोमध जोडणारा पांढरट, चिवट पट्टा म्हणजे लिनिया अल्बा. गर्भ वाढतो तसा हा पट्टा रुंद आणि पातळ होत जातो आणि दोन्ही स्नायू बाजूंना सरकतात. यात काही फाटत नाही, तुटत नाही. उठताना स्नायू आवळतात, पोटातला दाब वाढतो आणि सैल पडलेला पट्टा तेवढा पुढे येतो. डॉक्टर याला डायस्टॅसिस रेक्टी म्हणतात.

घरी तपासता येते. सकाळी, रिकाम्या पोटी, लघवीला जाऊन आल्यावर सतरंजीवर उताणे झोपा. उशी नको. गुडघे वाकवून तळवे जमिनीवर टेका. एका हाताची बोटे जुळवून, टोके पायांकडे करून बेंबीवर अलगद दाबून ठेवा. श्वास सोडत डोके आणि खांदे सावकाश उचला. खांद्याची पाती जमिनीवरून जेमतेम सुटली की थांबा. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांकडे सरकताना कळतील. मध्ये किती बोटे मावतात ते मोजा. हेच बेंबीच्या तीन बोटे वर आणि तीन बोटे खाली करा, कारण फट सगळीकडे सारखी नसते. नवख्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे डोके फार उंच उचलणे. त्याने कडा जवळ येतात आणि फट आहे त्यापेक्षा लहान वाटते.

बोटे मोजून झाल्यावर लगेच हात काढू नका. बोटांखाली काय लागते ते बघा. खाटेच्या ताणलेल्या पट्टीसारखे घट्ट लागते, की मळलेल्या कणकेसारखी बोटे आत रुततात? आमच्या मते रुंदीपेक्षा हे जास्त महत्त्वाचे आहे. अडीच बोटांची फट असूनही तळ घट्ट असेल तर पोट आपले काम नीट करते. दीड बोटाची फट मऊ असेल तर त्या स्त्रीला व्यायामाची गरज जास्त.

आकड्यांनी घाबरून जाऊ नका. कधीच बाळंतपण न झालेल्या स्त्रियांमध्येही बेंबीच्या 3 सेंटिमीटर वर 22 मिलिमीटरपर्यंत अंतर सर्वसाधारण मानले जाते. नॉर्वेत पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला होता, त्यात 300 जणी होत्या. बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी 60 टक्के जणींना, 6 महिन्यांनी 45 टक्के जणींना आणि वर्षाने सुमारे 33 टक्के जणींना दोन बोटे किंवा अधिक फट होती. म्हणजे तुम्ही एकट्या नाही आणि वेळही गेलेली नाही. त्याच अभ्यासात फट असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. तेव्हा कंबर दुखत असेल तर सगळा दोष पोटातल्या फटीवर टाकू नका. दूध पाजताना वाकून बसणे, झोप अपुरी होणे, बाळाला एकाच कडेवर घेणे हेही तपासा.

प्रश्न : मोबाइलवर एक ताई सांगतात पोटाचा कुठलाही व्यायाम करू नका, फट वाढेल. दुसऱ्या सांगतात 21 दिवसांत फट बंद. माझे बाळ तीन महिन्यांचे आहे, नॉर्मल डिलिव्हरी. नेमके काय करू, किती वेळा, कुठून सुरुवात?
– वाचक, पिंपरी

उत्तर : दोघींचेही ऐकू नका. स्नायूला बळ यायला 8 ते 12 आठवडे लागतात, 21 दिवसांत ते येत नाही. आणि व्यायामच न करणारे पोट सैल ते सैलच राहते. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला 15 मिनिटे काढा. एकदम जमत नसेल तर पाच-पाच मिनिटे तीनदा केलेली चालतात.

पहिला टप्पा श्वासाचा. फार साधा वाटतो म्हणून बायका तो टाळतात आणि पुढे अडतात. उताणे झोपून गुडघे वाकवा, हात खालच्या बरगड्यांवर ठेवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्या, पोट मऊ सोडा. आता गरम दुधावर फुंकर घालतो तसा हळू श्वास सोडा. श्वास सोडता सोडता लघवी आणि वारा एकदम रोखल्यासारखे खालचे स्नायू आत-वर ओढा. पाठोपाठ बेंबीखालचे पोट आपोआप किंचित आत जाईल. जोर सगळ्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. कंबरेच्या पुढच्या हाडांच्या आतल्या अंगाला दोन बोटे ठेवा, तिथे पोट सपाट घट्ट झाल्याचे कळले पाहिजे. बोटे बाहेर ढकलली गेली तर तुम्ही कुंथत आहात. 5 सेकंद धरा, पूर्ण सोडा. असे 10 वेळा, दिवसातून दोन-तीनदा. धरताना श्वास कोंडू नये, नितंब आवळू नयेत आणि पोट बरगड्यांखाली खेचून खळगा पाडू नये. सोडणेही धरण्याइतकेच नीट व्हायला हवे. जे स्नायू सैल सोडता येत नाहीत ते वेळेवर आवळतही नाहीत.

हे जमले की त्याच स्थितीत कंबरेखालचा खळगा जमिनीला टेकवा आणि सोडा, 10 वेळा. मग टाच सरकवणे. श्वास सोडत पोट हलके आवळा, एका पायाची टाच जमिनीवरून सरकवत पाय सरळ करा आणि श्वास घेत परत आणा. प्रत्येक पायाने 10 वेळा, दोन फेऱ्या. या वेळात कंबर जमिनीवरून उचलली गेली तर पाय तुमच्या ताकदीपेक्षा लांब गेला, म्हणून अर्ध्यावरच थांबा. याच टप्प्यावर सेतुबंध जोडा. श्वास सोडत नितंब उचला, 3 सेकंद थांबा, सावकाश खाली या, 10 ते 12 वेळा.

दुसऱ्या टप्प्यात उताणे झोपून एक पाय उचला, गुडघा कंबरेवर काटकोनात आणा आणि खाली टेकवा. मग दुसरा. दोन्ही पाय वर ठेवून एकेक पाऊल जमिनीला शिवणे ही याची पुढची पायरी. हातापायांवर ओणवे होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करणे, 5 सेकंद थांबून बाजू बदलणे, प्रत्येक बाजूने 8 वेळा. कुशीवर झोपून कोपर आणि गुडघ्यांवर भार देऊन कंबर उचलणे, 10 सेकंदांपासून 30 सेकंदांपर्यंत, तीनदा. पोटाच्या बाजूचे तिरके स्नायू यानेच तयार होतात, म्हणून हा व्यायाम गाळू नका.

तिसऱ्या टप्प्यात डोके-खांदे उचलण्याचा व्यायाम. होय, ज्याला सगळे घाबरतात तोच. नॉर्वेतच 6 ते 12 महिन्यांपूर्वी बाळंत झालेल्या, फट असलेल्या 70 स्त्रियांवर एक प्रयोग झाला. एका गटाने 12 आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज 10 मिनिटे असे व्यायाम केले. फट वाढली नाही. पोटाची ताकद आणि स्नायूंची जाडी वाढली. खरे सांगायचे तर व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा फट कमीही झाली नाही. म्हणून फट किती मिटली हे मोजत बसण्यापेक्षा पोट किती भार पेलते ते बघा. हाताची घडी छातीवर, श्वास सोडत हनुवटी आत, पाती सुटेपर्यंतच वर, 8 ते 10 वेळा. मान दुखली तर थांबा. मान दुखते याचा अर्थ पोटाचे काम मान करते आहे.

पुढची पायरी कधी चढायची? सलग तीन दिवस दोन फेऱ्या श्वास न कोंडता, लघवीचा थेंब न गळता आणि खाली जडपणा न वाटता पूर्ण झाल्या की. मधोमध उंचवटा आला तर घाबरू नका, काही बिघडलेले नसते. आधी श्वास सोडा मग उचला, हालचाल लहान करा. तरीही उंचवटा टोकदारच राहिला तर आठवडाभर एक पायरी खाली उतरा.

प्रश्न : सिझर होऊन सात आठवडे झाले. टाके सुकले आहेत, पण पोटाला हात लावायची भीती वाटते. मणक्यातल्या इंजेक्शनमुळे कंबर कायमची गेली असे सगळे म्हणतात. मला हे व्यायाम चालतील का?
– वाचक, मडगाव

उत्तर : चालतील, फक्त क्रम थोडा सावकाश. सिझरमध्ये त्वचा, चरबी आणि स्नायूंवरचे चिवट आवरण कापतात. उभे स्नायू शक्यतो कापत नाहीत, हाताने बाजूला करतात. त्यामुळे तुमचे स्नायू शाबूत आहेत. जखम भरायची आहे ती आवरणाची, आणि म्हणूनच पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असे सांगतात. श्वासाचा व्यायाम आणि पावले वर-खाली करणे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनही करता येते. आता सात आठवड्यांनी, तुमच्या डॉक्टरांनी जखम पाहून होकार दिला असेल तर टाच सरकवणे आणि सेतुबंध सुरू करा. दुसरा टप्पा साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यात, तिसरा त्यानंतर.

व्रणाला हात लावायलाच हवा. तो खालच्या थरांना चिकटला तर पोट आवळताना ओढ लागते आणि बायका नकळत पुढे झुकून चालू लागतात. व्रण पूर्ण बंद असेल, खपली किंवा ओल नसेल, तर थोडे खोबरेल तेल घेऊन दोन बोटांनी त्वचा वर-खाली, आडवी, मग गोल सरकवा. पाच मिनिटे, रोज. पहिल्या आठवड्यात व्रणाच्या आजूबाजूला, नंतर थेट व्रणावर. भोवतालची बधिरता कित्येक महिने राहते, त्याने काही बिघडत नाही. लाली पसरली, पू आला, ताप आला तर चोळणे थांबवून डॉक्टरांकडे जा.

मणक्यातल्या इंजेक्शनच्या जागी काही दिवस ठणकते. महिनोन्‌महिने चालणारी कंबरदुखी त्या सुईमुळे होत नाही. ही समजूत इतकी घट्ट आहे की बायका दुखणे कायमचे मानून व्यायामच सोडतात, म्हणून मुद्दाम स्पष्ट लिहीत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या सुती लुगड्याने सव्वा महिना करकचून बांधतात. हॉस्पिटलने पट्टा दिला आहे. काय बरे?
– वाचक, कागल

उत्तर : दोन्ही चालतील, करकचून मात्र नको. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत बांधलेल्या पोटाला आधार वाटतो. चालताना, खोकताना, विशेषतः सिझरनंतर, त्याने बरे वाटते. पण लुगड्याने किंवा पट्ट्याने फट बुजत नाही. ते पोटाचे काम स्वतः करतात, पोटाला शिकवत नाहीत.

घट्ट बांधल्यावर दाब कुठे जातो याचा विचार करा. तो वर जाऊन जळजळ होते, नाहीतर खाली जातो, जिथले स्नायू आधीच ताणलेले आहेत. लघवी गळणे, योनीत जड वाटणे, धाप लागणे यातले काही झाले तर पट्टा घट्ट आहे. बांधायला सुरुवात खुब्यापासून करा आणि वर बरगड्यांकडे जा, म्हणजे दाब खाली ढकलला जात नाही. बांधल्यावर आत दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. सलग दोन-तीन तास, मग सोडायचे. जेवताना आणि झोपताना नको. श्वासाचा व्यायाम पट्टा काढूनच करा. मालिशवाल्या बाईंना पोट खोल दाबू देऊ नका, सिझरच्या व्रणावर तर मुळीच नाही. हातपाय, पाठ, खांदे खुशाल चोळून घ्या.

प्रश्न : कपालभाती आणि सूर्यनमस्कार कधी सुरू करू? बाळ चार महिन्यांचे आहे.
– वाचक, डोंबिवली

उत्तर : वर सांगितलेला दुसरा टप्पा उंचवटा न येता पार झाला की सूर्यनमस्कार सुरू करा, आधी तीन, सावकाश. साष्टांग नमस्काराकडे जाताना गुडघे टेका आणि भुजंगासनात बेंबी जमिनीलाच राहू द्या, म्हणजे मधला पट्टा एकदम ताणला जाणार नाही. कपालभातीत पोटाला झटके बसतात आणि दाब खालीही जातो, तेव्हा ती सहा महिन्यांनंतर, तेही लघवी गळत नसेल तरच. नौकासन सर्वांत शेवटी.

प्रश्न : वय 44, मुले 19 आणि 14 वर्षांची. बेंबीवर तीन बोटे फट आहे. शिंकले, जोरात हसले की लघवीचा थेंब पडतो. इतक्या वर्षांनी व्यायामाचा काही उपयोग आहे का, की ऑपरेशनच करावे?
– वाचक, अकोला

उत्तर : उपयोग आहे. स्नायू कोणत्याही वयात बळावतात. इतक्या वर्षांनी फट फारशी मिटेल अशी आशा आम्ही दाखवणार नाही, पण पोट घट्ट होणे, उठणे-वाकणे सोपे होणे आणि लघवी गळणे कमी होणे या तिन्ही गोष्टींना वाव आहे.

आधी गळण्याकडे बघा. लघवी-वारा रोखल्यासारखे स्नायू आत ओढून 8 ते 10 सेकंद धरा, तितकाच वेळ सोडा, 8 ते 10 वेळा, दिवसातून तीनदा. यानंतर झटपट आवळून सोडणे 10 वेळा. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने. तीन महिने नेमाने करायचे. शिंक येणार असे वाटताच आधी आवळायचे आणि मग शिंकायचे, ही सवय पहिल्या काही आठवड्यांतच फरक दाखवते. लघवी करताना मध्येच धार रोखून सराव करू नका. त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. पोटासाठी वरचे तीन टप्पे तसेच करा आणि भिंतीवर हात टेकून दंड, खुर्चीवरून हात न लावता उठणे, 10-10 वेळा जोडा.

शौचाला कुंथणे थांबले नाही तर हा व्यायाम वाया जातो, कारण सकाळी कमावलेले पाच मिनिटांत खाली ढकलले जाते. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचे स्टूल घ्या, पुढे वाका आणि श्वास सोडत जोर द्या. नव्या बाळंतिणींनाही हे लागू आहे. सरकारी दवाखान्यातून प्रसूतीनंतर 180 दिवस लोहाच्या गोळ्या देतात, त्यांनी पोट धरते. गोळ्या सोडू नका, पाणी आणि पालेभाज्या वाढवा.

ऑपरेशनमध्ये ताणलेला पट्टा मधोमध दुमडून शिवतात, पुष्कळदा पोटाची जादा त्वचाही काढतात. आणखी मूल नको असेल, वजन स्थिर असेल, सहा महिने नीट व्यायाम करूनही रोजची कामे अडत असतील किंवा जोडीला हर्निया असेल तर सर्जनशी बोला. विमा कंपन्या हे बहुधा सौंदर्याच्या शस्त्रक्रियेत मोजतात, त्यामुळे खर्च मिळेल का ते आधीच लेखी विचारून घ्या.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. आमच्या गावात बाया महिन्या-दीड महिन्यात कापूस वेचायला आणि पाण्याला जातात. 15 मिनिटांचा व्यायाम सांगितला तर हसतात. त्यांना काय सांगू?
– आशा सेविका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तुम्ही 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्या घरात जाताच. पहिल्या भेटीत एकच गोष्ट सांगा, अंथरुणातून सरळ उठू नकोस. कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताने रेटा देऊन बस. पुढच्या भेटीत श्वासाचा व्यायाम बाळ अंगावर पीत असताना करायला शिकवा. दिवसातून आठ-दहा वेळा पाजणे होतेच, त्याला वेगळा वेळ लागत नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी उचलण्याची रीत करून घ्या. ओझे अंगाजवळ, गुडघ्यात वाकणे, आणि उचलण्याच्या क्षणी तोंडाने 'हुश्श' करत श्वास सोडणे. श्वास कोंडून उचलले की सगळा दाब त्या पातळ पट्ट्यावर आणि खाली अंगावर येतो.

भरलेला हंडा 15 किलोच्या पुढेच जातो आणि सगळ्यात वाईट क्षण तो जमिनीवरून डोक्यावर चढवण्याचा. तो दुसऱ्या कुणी चढवून द्यावा, नाहीतर दोन खेपा अर्ध्या कळशीच्या कराव्यात. कापूस वेचताना ओटी पोटासमोर लोंबते, ती भरेपर्यंत न थांबता निम्म्यावर रिती करावी. वर सांगितलेल्या नॉर्वेच्या पहिल्या अभ्यासात आठवड्याला 20 किंवा अधिक वेळा जड उचलणाऱ्या स्त्रियांमध्ये फट राहण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. हे सासूला आणि नवऱ्याला सांगा. सुनेला काय उचलावे लागते ते तीच ठरवत नसते.

बेचाळिसाव्या दिवशी फट बोटांनी तपासा. तीन बोटांहून अधिक आणि मऊ असेल, अंगावरून काही खाली येते असे ती म्हणत असेल किंवा लघवी गळत असेल तर तिला जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी विभागाकडे पाठवा. बेंबीत फुगा येत असेल तर हात लावून पाहा, तो झोपल्यावर आत जातो का. आत जात असेल तर व्यायाम सौम्य ठेवून सर्जनला दाखवावे, घाई नाही. फुगा कडक झाला, दुखू लागला, लालसर किंवा निळसर दिसू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. तेव्हा दाबून आत ढकलायचा प्रयत्न करायचा नाही, खायला-प्यायला काही द्यायचे नाही, 108 ला फोन करून लगेच न्यायचे.